समोरच्याला न कळणारी भाषा

आम्हा कुंभकोणमच्या मराठी लोकांना एक खोड आहे. बाहेर तमिळ आणि घरात मराठी हे तर ठरलेलंच, पण परक्या माणसासमोर काही गुपचूप बोलायचं झालं की आम्ही बेधडक मराठीत बोलतो. साडीच्या दुकानात मालकाच्या तोंडावर त्याच्या मालाला नावं ठेवतो, पाहुणे बसलेले असताना कॉफीपुरतं दूध नाही हे एकमेकींना सांगतो, आणि चेहरा असा ठेवतो की जणू देवाधर्माचं काही चाललंय. पिढ्यान् पिढ्या आम्हाला कोणी पकडलेलं नाही. तेव्हा माझ्या हातून जे झालं त्याला मी एकटीच जबाबदार नाही, अशी मी मनाची समजूत घालते.

झालं असं, की कॉम्प्युटरला आमची जुन्या वळणाची मराठी शिकवायची म्हणून एक संस्था म्हाताऱ्या माणसांचे आवाज गोळा करत होती. ही बातमी आणली माझ्या भाचीनं. माझी धाकटी बहीण पापनाशम्‌ला राहते, तिची ही एकुलती एक मुलगी. नोकरीला चेन्नईत. रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढायचं काम तिनं हौसेनं अंगावर घेतलं होतं. मावशी, तू नाही बोललीस तर कोण बोलणार, म्हणाली. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या बाईला बोलायचा आग्रह करावा लागत नाही. मी लगेच हो म्हटलं.

आवाज घ्यायला आली ती चाळिशीची एक तमिळ बाई. मराठीचं अक्षरही तिला येत नव्हतं. आल्या आल्या तिनं तीन पानी संमतिपत्र काढलं आणि सगळं मोठ्यानं वाचायला घेतलं. मी म्हटलं, बाई गं, सही कुठे करू तेवढं सांग. ती हसली आणि वाचतच राहिली. दुसऱ्यांची आजारपणं, घरगुती भानगडी, मुलाबाळांबद्दलची माहिती सांगायचं टाळा, असंही त्यात होतं म्हणे. माझं सगळं लक्ष तेव्हा कुकरच्या शिट्ट्यांकडे होतं.

मग तिनं तमिळमध्ये विचारलं, आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस कोणता? आणि मी सांगितला. बहिणीला मूल होत नव्हतं, आणि आम्ही एक तान्ही पोर दत्तक घेऊन घरी आणली, तो दिवस. ती पोर म्हणजेच ही भाची. तिला हे कोणीच कधी सांगितलं नव्हतं. बहिणीनं मला शपथ घातली होती आणि मी ती इतकी वर्षं इमानानं पाळली होती. पण समोरची बाई नुसती मान डोलावत होती, तिला ओ की ठो कळत नव्हतं, आणि जन्माची सवय, माझी जीभ सुटली. चांगली दहा-अकरा मिनिटं बोलले. शेवटी ती म्हणाली, एकदा ऐकून बघा, मग पुढे पाठवते. मी म्हटलं, काही गरज नाही, पाठवून टाक.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाचीचा फोन आला. लिहून काढायला तिला कुंभकोणमच्या एका आजींची फाइल मिळणार होती. नाव सांगत नाहीत, पण तूच असणार, तुझा आवाज मला ओळखू येणार नाही होय, म्हणून ती खिदळत होती. फोन ठेवला आणि मग मला उमगलं. कळू नये म्हणून ज्या भाषेत बोलले, ती कळावी म्हणूनच तर हा सगळा खटाटोप होता! एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही. पोर चेन्नईच्या खोलीत एकटी बसून, कानाला हेडफोन लावून, आपल्या जन्माची गोष्ट मावशीच्या तोंडून ऐकणार, तीही मावशीनं कुणा तिऱ्हाइताला सांगितलेली. मला रडूच कोसळलं.

त्या बाईला फोन लावला. काय बोलले ते मलाच कळलं नाही, पण तिला कळलं.

“अम्मा, फाइल कुठेही गेलेली नाही,” ती म्हणाली. “तुम्ही ऐकायला नको म्हणालात, तरी पंधरा दिवस ती माझ्याकडेच बंद राहते. आमच्या संस्थेच्या समितीचा तसा नियम आहे.”

समिती म्हटलं की आमच्या शाळेत कॉफी, चिवड्यासारखं मिक्स्चर आणि पुढच्या बैठकीची तारीख. त्या दिवशी मात्र मी न पाहिलेल्या त्या समितीला मनातल्या मनात हात जोडले. इतका मोकळा श्वास मी कितीतरी दिवसांत घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लॅपटॉप घेऊन आली. कुठून कुठपर्यंत पुसायचं ते मीच दाखवलं. त्यात काय आहे, हे तिनं एका शब्दानं विचारलं नाही. माझ्यासमोर पुसलं, दुसरी प्रत होती तीही पुसली आणि तसं लिहून दिलं. मी विचारलं, आणि हे यंत्रात गेलं असतं तर? तिनं मला गोड बोलून फसवलं नाही. आता ही नुसती फाइल आहे, पुसता येते, म्हणाली. यंत्र एकदा शिकलं की त्यातून नेमकं तेवढंच बाहेर काढता येईल, असं वचन मी देऊ शकत नाही. कणकेत मळलेलं मीठ कोण वेचून काढणार, माझ्या मनात आलं. शिवाय सही माझी असली तरी गोष्ट माझी नव्हती, हेही मला कबूल करावं लागलं. उडदाचं पीठ दह्यात कालवून डांगर पचडी कशी करायची, तेही मी त्यात सविस्तर सांगितलं होतं. ते खुशाल ठेव म्हटलं.

त्या दिवशी दोन घास जास्त जेवले. पण झालेली चूक काही पोटात राहीना. बस धरून पापनाशम्‌ला गेले आणि बहिणीला सगळं सांगून टाकलं. ती मला फाडून खाईल, अशी मनाची तयारी करूनच गेले होते. तिनं उलट एवढंच विचारलं,

“अक्का, सांगताना कसं वाटलं गं?”

खोटं बोलवेना. “हलकं वाटलं,” मी म्हटलं.

तिनं पदरानं डोळे पुसले. “यंत्राला सांगितलंस. आणि जिला सांगायला हवं ती राहिलीच.”

पुढच्या रविवारी, आईनं बोलावलं म्हणून, भाची पापनाशम्‌ला आली. मी मुद्दाम गेले नाही. दिवसभर फोन समोर ठेवून बसले, धड जेवलेही नाही. दिवेलागणीला तो वाजला. भाचीचा आवाज बसला होता. इतकी वर्षं का लपवलंत, म्हणून ती आमच्यावर रागावली होती आणि तसं तिनं स्पष्ट सांगितलं. मी ऐकून घेतलं. मग ती जरा थांबली.

“मावशी, मला घरी आणलं तेव्हा मी कुणाच्या मांडीवर होते?”

“माझ्या.”

“रडत होते?”

“छे गं. माझं बोट घट्ट धरून झोपली होतीस.”

पहिल्यापासून सगळं सांग, म्हणाली. शेजारच्या, आमच्यातल्याच मराठी बायका ओट्यावर बसल्या होत्या. मी दार लोटलं नाही, की आवाज खाली केला नाही.