खैरनार भाऊसाहेबांचं मार्गदर्शन

प्रफुल्ल खैरनार आमच्या सुनावणी कार्यालयात एकोणतीस वर्षं कारकून आहेत आणि त्यातल्या गेल्या सत्तावीस वर्षांत त्यांनी स्वतःहून एकही गोष्ट ठरवलेली नाही. हे मी रागानं म्हणत नाही, ते स्वतःच अभिमानानं सांगतात. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी कुणाला तरी तारीख वाढवून दिली म्हणून त्यांना मेमो मिळाला होता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. हे गृहस्थ तेव्हापासून पाणीही फुंकून पितात. इंदिरानगरच्या घरात फ्रीज घ्यायचा तर आधी देवळ्याच्या थोरल्या भावाला फोन. बायकोनं, म्हणजे शुभांगीवहिनींनी, रंग विचारला, त्यासाठी दुसरा फोन.

नियमात जरा कुठं अंधूक दिसलं की भाऊसाहेब खूश. लगेच टिपणी लिहायची, मुंबईच्या वरिष्ठ कार्यालयाला पत्र पाठवायचं, ‘मार्गदर्शन व्हावे’. पत्र गेलं की प्रश्न त्यांचा राहत नाही. साहेबांची केबिन त्यांच्या टेबलापासून दहा पावलांवर, पण तोंडी विचारलेल्याला पुरावा नसतो, म्हणून तोंडी कुणी काही विचारत नाही. ही आमच्या कार्यालयाची रीत. ती भाऊसाहेबांनी काढली नाही, पण त्यांच्याइतकी भक्तिभावानं कुणी पाळलीही नाही.

सटाण्याकडच्या सुलाबाईंचं प्रकरण आलं ते शेतरस्त्याचं. शेतालगतच्या शेजाऱ्यानं बांधावर तार ओढली आणि त्यांची शेतात जायची गाडीवाट बंद झाली. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, ठार बहिऱ्या. बरोबर गावातल्या घराशेजारची सून मनीषा. पहिल्या तारखेला तिनं सुलाबाईंचा अंगठा असलेलं संमतिपत्र पुढं ठेवलं.

"त्यांना ऐकू येत नाही हो भाऊसाहेब. मी जवळ बसू का? माझं तोंड पाहिलं की त्यांना समजतं."

नियमात लिहिलंय, पक्षकाराच्या वतीनं वकील किंवा नातेवाईक बोलेल. शेजारणीचं काय, ते लिहिलेलं नाही. भाऊसाहेबांचे डोळे चमकले. तारीख पुढं ढकलली गेली आणि पत्र मुंबईला गेलं. तेव्हाच्या साहेबांनी न वाचता सही ठोकली, टाइप मी, कार्यालयाच्या स्टेनोनं, केलं.

मुंबईही काही कमी नाही. दोन महिन्यांनी उत्तर आलं : ‘आपल्या स्वयंस्पष्ट अभिप्रायासह प्रस्ताव फेरसादर करावा.’ म्हणजे तुम्हाला काय वाटतं ते सांगा. भाऊसाहेबांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी काय वाटतं ते विचारलं होतं. त्यांना घाम फुटला. चार दिवस विचार करून त्यांनी लिहिलं, ‘अभिप्राय कसा द्यावा, याबाबत मार्गदर्शन व्हावे.’ तेही मीच टाइप केलं, आणि हसले.

तोवर साहेब बदलले. दुसरी तारीख अशीच गेली, तिसऱ्याला नवे साहेब म्हणाले, आता पुढं ढकलायचं नाही. मनीषा दाराशी आली तर भाऊसाहेबांनी हात आडवा केला. "परवानगी आलेली नाही, ताई. बाहेर बसा."

सुलाबाई एकट्या आत आल्या. मी सुनावणीचा रोजनामा लिहायला साहेबांच्या शेजारीच होते.

"बांधावरून पूर्वी बैलगाडी जायची का?" साहेबांनी विचारलं.

सुलाबाईंनी त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "तो आंबा मना सासरानी लायेल शे," त्या म्हणाल्या.

पुन्हा मोठ्यानं विचारलं, त्यांनी पुन्हा सासऱ्यानं लावलेला आंबाच सांगितला. शेजाऱ्याचा वकील म्हणाला, "साहेब, गाडीवाट होती असं बाईंचं म्हणणंच दिसत नाही." मी ते लिहून घेतलं. दाराबाहेर बसलेल्या मनीषाचं नाव माझ्या ओठांवर होतं, पण स्टेनोनं बोललेलं लिहायचं असतं, बोलायचं नसतं. मीही त्याच कार्यालयाची. प्रकरण निकालासाठी बंद झालं, साहेबांनी रोजनाम्यावर सही केली आणि सुलाबाई वाकून नमस्कार करून बाहेर गेल्या. शेजारी आणि त्याचा वकीलही गेले.

मग साहेब चष्मा पुसत म्हणाले, "यांच्याबरोबर कुणीच आलं नव्हतं का? बोलू दिलं असतं मी."

"शेजारीण आहे, सर. बाहेर बसलीय," भाऊसाहेब म्हणाले.

"मग मला विचारायचं ना."

"विचारलंय सर. मुंबईला."

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. सही मात्र त्यांनी मागं घेतली नाही. निकाल काय लागणार, ते आम्हा तिघांनाही कळलं होतं.

मी फाईल घेऊन बाहेर आले, तर सुलाबाई बाकावर बसल्या होत्या. मनीषा पाणी आणायला गेली होती. माझा हात धरून त्यांनी विचारलं, "बाई, मी समदं सांगी टाकं ना?"

मी मान हलवली, हो म्हणून.