बुडत्या गावातली म्हातारी

आमश्यादादांच्या हातात मी माझा गेम दिला तो वेळ जावा म्हणून, आणि खरं सांगायचं तर जरा मिरवायलाही. नाव भरल्याशिवाय ते इंजिनाला हात लावत नाहीत, आणि आदल्या दिवशी खापर गावच्या बाजाराला गेलेली माणसं अजून परतायची होती. सकाळचे दहा वाजले होते. नर्मदेचं धरणाने अडवलेलं पाणी डोंगरांच्या कमरेपर्यंत आलेलं, आणि त्या पाण्याच्या काठावर आम्ही दोघंच.

मी जागृती पाटील, शहादा तालुक्यातल्या कळसाडीची. पुण्यात आम्ही तिघं मिळून गेम बनवतो. हातात धरून खेळायच्या छोट्या कन्सोलवर चालणारे, उड्या मारत खजिना शोधायचे. माझे काका अजूनही भेटले की विचारतात, "पोर गेम बनाडस, मंग काम काय करस?" वडील घरी आलेल्यांना नुसतं "कंप्युटरमध्ये आहे" एवढंच सांगतात आणि पाण्याचा तांब्या पुढे करतात.

आमच्या गेममध्ये मुंडासं बांधलेला एक छोटा माणूस आहे. तो कड्यावरून कड्यावर उड्या मारतो, मडकी फोडतो, नाणी वेचतो, लाकडी पेट्या ढकलतो, त्यातली एखादी उघडून किल्ली मिळवतो आणि दारातून पुढच्या लेव्हलला जातो. चौथी लेव्हल माझी एकटीची. नाव, 'बुडतं गाव'. डोंगरउतारावर कुडाची घरं, घराघरांत सोनं, आणि खालून चढत येणारं पाणी. नव्वद सेकंदांत जेवढं सोनं हाती लागेल तेवढं घ्यायचं आणि पाणी डोक्यावरून जायच्या आत दार गाठायचं. चित्रासाठी मी इथल्याच डोंगरांचे फोटो इंटरनेटवरून उतरवले होते. आता पुढच्या लेव्हलींसाठी स्वतः फोटो काढायला आले होते. आधी पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकल्या आणि मग शेळ्या कुठे आहेत ते बघायला आले, असा सगळा प्रकार.

आमश्यादादा म्हणजे आमश्या वसावे, मणिबेली गावाच्या बाजूच्या पाण्यावर नाव चालवणारे. वय विचारलं तर म्हणतात, पाणी आलं तेव्हा मी पंचविशीचा होतो, पुढचा हिशेब तू कर. घरी भिली बोलतात, आणि बाहेरच्या माणसाशी बाजारात शिकलेली अहिराणी. अंगाने काटक, बोलणं कमी, पण चिमटे भरपूर. मला पहिल्या दिवशीच म्हणाले होते की तुझी बॅग मध्यभागी ठेव, नावेत सगळ्यात जड तीच आहे. बकऱ्या कुठे बांधायच्या, गरोदर बाईला कुठे बसवायचं, सिमेंटची गोणी कुठे, हे ते डोळ्यांनीच सांगतात आणि माणसं निमूट तसं बसतात. नदीच्या मधोमध एका ठिकाणी मात्र ते इंजिन बंद करतात. जवळ असेल त्याची धार पाण्यात सोडतात. मोहाची दारू असली तर तिची, नाहीतर थर्मासमधला चहा. खाली त्यांची जुनी वस्ती आहे, आणि वस्तीतली जुनी माणसं. त्यांना दिल्याशिवाय आपण प्यायचं नाही. मग नाव पुन्हा चालू लागते.

तर कन्सोल त्यांच्या हातात दिला. कुठलं बटण उडीचं, कुठलं ढकलायचं, ते दाखवलं. मुद्दामच चौथी लेव्हल लावली. म्हटलं, तुमच्याकडचेच डोंगर आहेत, बघा ओळखू येतात का.

त्यांनी ओळखले. बराच वेळ काही न खेळता नुसतं बघत राहिले. एका कड्यावर बोट ठेवून कड्याचं नाव सांगितलं, खालच्या ओघळाचं नाव सांगितलं. तोवर पाणी वर आलं आणि मुंडासंवाला बुडाला. मी म्हटलं, दादा, पळायचं असतं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा सुरू केलं.

दुसऱ्या डावात ते सोन्याजवळून सरळ पुढे गेले. नाणं चमकतंय, आवाज करतंय, पण त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. तिसऱ्या डावातही तेच. आता मला राग यायला लागला. दोनशेहून जास्त लोकांनी तो गेम आमच्यासाठी खेळून पाहिला होता. चार वर्षांच्या पोरालाही न सांगता कळलं होतं की नाणं दिसलं की घ्यायचं. मी जरा चढ्या आवाजातच सांगितलं की दादा, थोडं तरी सोनं घ्या, त्याशिवाय दार उघडत नाही.

मला ते बेन म्हणतात, म्हणजे बहीण. पडद्यावरून मान वर न करता त्यांनी विचारलं, "बेन, हाई म्हतारी कोन शे?"

कुठली म्हातारी, हेच मला आठवेना. मग दिसली. सगळ्यात खालच्या घरासमोर एक म्हातारी बसलेली होती. गाव वाटावं म्हणून मी तीन कोंबड्या, एक खाट आणि ती म्हातारी काढली होती. तिला नाव नव्हतं, काम नव्हतं. मी म्हटलं, ती कोणी नाही, नुसती शोभेला आहे.

"मंग तिले कोन लई जाई?"

मी म्हटलं, तिला न्यायचं नसतं. ती तिथेच राहते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी उलट बोलले असते. भांडण मला जमतं. पण त्यात फक्त धक्का होता, एखाद्या ओळखीच्या माणसाने भर रस्त्यात भलतंच काही करावं तसा. त्यांनी डाव पुन्हा सुरू केला, मुंडासंवाल्याला सरळ खाली उतरवलं, म्हातारीच्या मागे उभं केलं आणि ढकलण्याचं बटण दाबलं.

आणि म्हातारी सरकली.

माझे डोळे पांढरे झाले. ती सरकायला नको होती. मग लक्षात आलं. नवीन काही लिहायचा कंटाळा म्हणून मी तिच्यासाठी लाकडी पेटीचाच कोड वापरला होता. पेटी ढकलता येते, म्हणून म्हातारीही ढकलता येत होती. पेटी पाण्यावर तरंगते, म्हणून म्हातारीही. दोनशे अकरा माणसांपैकी एकालाही हे कळलं नव्हतं, कारण एकही जण तिच्याजवळ गेला नव्हता. मीसुद्धा नाही.

पहिल्यांदा ती खालच्याच कड्याशी अडली, कारण पेटी उडी मारत नाही. पाणी आलं, दोघंही गेली. पुढच्या वेळी तेच. मी सांगून पाहिलं की दादा, हे होण्यासारखं नाही, मीच केलंय, मला माहीत आहे. ते म्हणाले, "पाणीसंगे भांडानं नही. ते उचलस तव्हय काठ धरानं."

आणि त्यांनी तसंच केलं. म्हातारीला कड्याला लावून ठेवलं आणि पळाले नाहीत, थांबले. पाणी मुंडासंवाल्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. छातीशी येईपर्यंत म्हातारी तरंगत कड्याच्या बरोबरीला आली. एक धक्का, आणि ती वरच्या कड्यावर. मग स्वतःची उडी. मग पुढचा कडा. ज्या पाण्याला सगळे भिऊन पळत होते, त्याच पाण्याकडून ते काम करून घेत होते. तिसऱ्या कड्यावर अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला आणि डाव गेला. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

मी विचारलं, दादा, एवढं काय आहे त्यात?

त्यांनी कन्सोल मांडीवर ठेवला आणि सांगितलं. सलग नाही, तुकड्यातुकड्यांत, मधेच पाण्याकडे बघत. त्यांच्या घरात पाणी शिरलं तेव्हा सकाळच होती. पाणी येणार हे माहीत होतं, पण ते चरत्या गुरांच्या पावलांनी येईल असं वाटलं होतं आणि ते धावत्या माणसाच्या पावलांनी आलं. घरात त्यांची आई मोगराबाई आणि ते. आई म्हणाली, तू खांब काढ, मी येते मागून. सागाचे खांब म्हणजेच घर. कूड पुन्हा विणता येतो, पण तसा साग पुन्हा मिळत नाही. डोंगरातला कुठलाही माणूस आधी खांबच काढेल, आणि सगळ्यांनी तेच केलं. आमश्यादादांनी एकेक खांब खांद्यावर घेऊन चढावर नेला. अकरा नेले. बारावा घ्यायला उतरले तर आई कमरेएवढ्या पाण्यात, डोक्यावर कोंबड्यांचं खुराडं, एकटीच चढत होती. त्यांच्या डोळ्यांदेखत तिचा पाय चिखलात सटकला.

मोगराबाई वाचली, पण खुबा मोडला तो मोडलाच. पुढची नऊ वर्षं ती वरच्या नव्या घरात पडून होती, त्याच अकरा खांबांच्या घरात. कोणी भेटायला आलं की सांगायची, माझ्या आमश्याने एवढे खांब वाचवले बघा. लोक म्हणायचे, आईला किती कौतुक आहे. ती खरंच कौतुक करायची की बोल लावायची, हे आमश्यादादांना आजही कळलेलं नाही. विचारायचं राहून गेलं, असं ते म्हणाले आणि कन्सोल पुन्हा उचलला.

मी पडद्यावरच्या पाण्याकडे पाहिलं. हे पाणी मी मजा म्हणून बनवलं होतं. आमच्या तिघांच्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, 'लोक घाबरून पळाले की मजा येते.' मी परक्या मुलखातली नाही. याच नंदुरबार जिल्ह्यात जन्मले, शाळेत याच धरणाच्या पाण्यात बुडालेली गावं नकाशात रंगवली, त्याचे मार्कही घेतले. आमच्या घरी पाणी म्हणजे उसाला सोडायचं. ते कमी पडतं यावर जेवताना बोलणं व्हायचं. ते कोणाच्या चुलीत शिरतं, हे मला ऐकून माहीत होतं आणि तरी माहीत नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि भीतीही, की अजून काय काय मी असंच शोभेला काढून ठेवलं असेल.

किती डाव झाले ते मी मोजले नाहीत. बाजाराची माणसं उतारावरून येताना दिसायला लागली होती. आमश्यादादांनी वर पाहिलं नाही. पहिला कडा, दुसरा, तिसरा. सोन्याने भरलेल्या घरांवरून, उघडता न आलेल्या दारावरून, चौथा, पाचवा. त्याच्या वर कोणी कधी गेलंच नव्हतं. तिथे नुसता डोंगरमाथा होता, मी हौसेने काढलेला, एका झाडासकट. त्यांनी म्हातारीला शेवटचा धक्का दिला आणि ती झाडाखाली जाऊन थांबली. मुंडासंवाला तिच्या शेजारी उभा राहिला. मी टाळी वाजवायला हात उचलले.

पाणी थांबलं नाही.

ते माथ्याला लागलं, दोघांच्या पायांना लागलं, आणि तसंच चढत राहिलं. मला कळलं काय झालंय. मी पाण्याला फक्त चढायला शिकवलं होतं. कुठे थांबायचं ते कधी लिहिलंच नव्हतं, कारण लागलंच नव्हतं. लोक एकतर दारातून निघून जायचे नाहीतर खालीच बुडायचे. आमश्यादादा उडीचं बटण दाबत होते, पुन्हा पुन्हा, जायला जागा नसताना. झाड गेलं. पडदा निळा झाला.

त्यांनी तो निळा पडदा माझ्याकडे वळवला. मग मला विचारलं, अगदी हळू, जणू मला उत्तर माहीत असणारच अशा खात्रीने.

"बेन, पाणी कोठे थांबस?"

बॅगेतून लॅपटॉप काढला, कन्सोलला वायर जोडली आणि ती ओळ शोधली. माथ्याच्या एक हात खाली पाणी थांबेल एवढा एक आकडा लिहिला. माणसं नावेत चढत होती. कोणीतरी बकरीला आत ओढत होतं, आणि आमश्यादादा आज कोणालाही कुठे बसायचं ते सांगत नव्हते. मी कन्सोल त्यांच्या हातात परत दिला.

पहिल्याच डावात त्यांनी तिला वर नेलं. पाणी आलं, माथ्याच्या खाली आलं, आणि थांबलं. झाडाखाली म्हातारी बसलेली, शेजारी तो. नव्वद सेकंद संपून गेले तरी काहीच झालं नाही. नाणी शून्य, दार बंद, आणि दोघं कोरडी. नावेतली एक बाई मागून वाकून बघत होती.

त्यांचे डोळे भरले होते, आणि त्यांनी ते लपवले नाहीत. मग त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं, अजून उघड्या असलेल्या त्या ओळीकडे. त्यांना वाचता येत नाही, पण मला ते लिहायला किती थोडा वेळ लागला होता ते त्यांनी पाहिलं होतं.

"इतलंच काम व्हतं का?" त्यांनी विचारलं.