गणपतीपुढं उठणारं पोरगं

आमच्या पेठेत पोराचा गुडघा सुजला तर त्याला दवाखान्यात नेत नसत, तालमीत नेत. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे ही. तालमीत वस्ताद होते, त्यांच्या हाताला गुण आहे असं अर्धं कोल्हापूर म्हणायचं. लचक, उसण, मुका मार, सगळ्याला उपाय एकच: तेल घ्यायचं आणि चोळायचं. गुण यायचाही, खोटं कशाला बोलू. माझ्या नवऱ्याची धरलेली कंबर त्यांनीच सरळ केली होती.

म्हणून माझ्या मुलाच्या गुडघ्याखाली सूज आली तेव्हा माझ्या धाकट्या दिरानं त्याला खांद्यावर बसवलं आणि तालमीत नेलं. मुलगा दहा वर्षांचा. शाळा सुटली की दप्तर उंबऱ्यातून आत भिरकावायचा आणि फुटबॉलला पळायचा. "मुका मार हाय, वैनी," दीर म्हणाला, "आठ दिसांत पळाय लागंल बघा." मी म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकवत होते, चार बुकं शिकलेली होते, आणि मलाही ते पटलं. का पटू नये? गल्लीतल्या दर पोराला एकदा तरी मुका मार लागतोच.

रोज संध्याकाळी चोळणं चाललं. पोरगं ओरडायचं. मग तालमीतली थोरली पोरं म्हणायची, "पैलवान रडतोय व्हय रं?" की हा ओठ दाताखाली धरून गप्प बसायचा. घरी आला की ओठावर दातांच्या खुणा दिसायच्या. सूज उतरायची सोडून वाढत चालली, कातडी ताणून चकचकीत झाली, रात्री पांघरुणाचा भार सोसवेना. तेव्हा कुठं आम्ही फोटो काढायला गेलो. एक्स-रेला आम्ही सगळे फोटोच म्हणायचो. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला आणि पहिला प्रश्न विचारला, "ह्याला चोळलं कुणी?"

दीर तिथंच भिंतीला टेकून खाली बसला.

पुढचं थोडक्यात सांगते, लांबवण्यासारखं त्यात काही नाही. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. हाडाचा कॅन्सर. पाय मांडीपासून काढला. कॅन्सर म्हाताऱ्यांना होतो, तंबाखू खाणाऱ्यांना होतो, एवढंच मला ठाऊक होतं. पोरांना होतो, आणि तोही हाडात, हे ऐकलेलंच नव्हतं कधी. तिथल्या डॉक्टरांना मी विचारलं, आधी आणलं असतं तर? ते खरं बोलणारे होते. म्हणाले, "आधी आणलं असतं तर पाय आधी काढला असता. चोळायला नकोच होतं. पण वाचला असता का, ते मी सांगू शकत नाही. याच्यावर अजून धड औषध सापडलेलं नाही, शोध चाललाय." काही महिन्यांत दुखणं छातीत गेलं आणि माझं लेकरू गेलं.

दीर त्यानंतर तालमीची पायरी चढला नाही. माझ्यासमोर जेवायला बसायचा नाही. मी त्याला कधी वावगं बोलले नाही, पण "असू दे भावोजी" असंही माझ्या तोंडून कधी निघालं नाही. निघेना, काय करू?

पुढच्या वर्षी गणपती जवळ आले तसा तो एकदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "वैनी, औंदा मंडळाचा सजीव देखावा आपल्या पोराचा करायचा. लोकांस्नी कळू दे, चोळायचं नसतंय म्हणून. आणि पेटी ठेवायची. पडंल ते सगळं मुंबईला, औषध शोधाय."

वर्षभरात पहिल्यांदा मला कशाची तरी आशा वाटली. आमच्याकडं गणपतीचे देखावे बघायला आसपासच्या गावांतून माणसं लोटतात. पेपरात दिलं असतं तर किती जणांनी वाचलं असतं? देखावा बघायला मात्र वाचता यावं लागत नाही. एक पोर जरी चोळण्यातून सुटलं तरी पुष्कळ, असं मनाशी धरून मी लिहायला बसले. जसं घडलं तसं लिहिलं. सूज, तालीम, तेल, ओठ चावणारं पोरगं, फोटो, मुंबई. शेवटी रिकामी खाट आणि आई समोर येऊन सांगते: सूज उतरली नाही तर चोळू नका, फोटो काढा.

मंडळाचा अध्यक्ष वाचून डोळे पुसत आला. माणूस वाईट नव्हता. पण म्हणाला, "वैनी, सगळं झ्याक हाय. शेवट तेवढा बदलाय लागतोय."

"का?"

"गणपतीम्होरं पोरगं मारायचं? सणासुदीचं? सुतकी देखावा म्हणून पब्लिक थांबायचं न्हाई, पेटीत कोण हात घालायचं न्हाई. बाप्पा मागं बसलेला आणि पोरगं म्होरं मरतंय, मग बाप्पा कशाला हाय म्हणतील की लोक!"

"अहो, बाप्पानं उठवलं असतं तर मी हे लिहीत बसले असते का?"

मी चांगलीच तडकले. घरात होती नव्हती ती भांडी आदळली. पण मंडळ एका बाजूला आणि मी एका बाजूला. गणपतीच्या मांडवात अशुभ दाखवत नाहीत, हे एकदा दहा माणसांनी म्हटलं की संपलं. दीर मान खाली घालून म्हणाला, "पेटी तरी भरंल, वैनी." शेवटी एक अट घातली, माझं ते एक वाक्य काढायचं नाही. त्यांनी काढलं नाही, आईच्या तोंडी ठेवलं. पण ठेवलं कुठं? पोरगं उठल्यावर.

देखावा असा झाला. टेपवर आवाज सुरू व्हायचा, "सत्य घटना! आपल्याच पेठेतली!" माझ्याच मुलाच्या उंचीचं गल्लीतलं एक पोरगं खाटेवर पडलेलं असायचं. डॉक्टर हात हलवून जायचा. आई गणपतीपुढं पदर पसरायची. मग मूर्तीमागून पिवळा झोत सुटायचा, घंटा वाजायच्या, आणि पोरगं दोन पायांवर टणकन उभं राहून शड्डू ठोकायचं. की जी शिट्टी आणि टाळी पडायची! मोरया, मोरया! त्या गदारोळात चोळू नका, फोटो काढा हे वाक्य रोज व्हायचं आणि रोज कुणालाच ऐकू जायचं नाही. मी शेजारच्या पायरीवर उभी राहून ऐकायचा प्रयत्न केला. मला ते पाठ होतं, तरी ऐकू आलं नाही.

देखाव्याचा पहिला नंबर आला. पेटी भरली. ते पैसे मुंबईला गेले, तेवढं मंडळानं चोख केलं. आणि मांडवात काय होऊ लागलं? पायदुखीची पोरं घेऊन बाया येऊ लागल्या. दवाखान्यात नव्हे, मांडवात! कुणी पोराचा गुडघा मूर्तीच्या पाटाला लावायची, कुणी तिथल्या समईतलं तेल मागून न्यायची. तेल! मी एकीचा हात धरला तर ती म्हणाली, "हितलंच हाय न्हवं? गुणाचं असंल." मी कपाळावर हात मारला आणि घरी जाऊन रडले.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी देखावा बघून गडमुडशिंगी गावची एक बाई आमच्या दारात आली. शेतकऱ्याघरची, माझ्याहून लहान. बरोबर नऊ-दहा वर्षांची मुलगी, लंगडत होती. परकराखालून गुडघा दिसला. तीच चकचकीत कातडी.

"त्या पोराची आई तुमीच न्हवं, बाई?" तिनं विचारलं. मी मान हलवली.

"माझ्या भावानं देखावा बघितला. म्हणला, जा. पोरगं घरात हाय का वं? हिला जरा दाखवायचं हुतं. त्यो पळताना बघितला की हिला धीर यील."

आणि मुलगी माझ्या पाठीमागं, आमच्या दाराकडं बघायला लागली. माझा मुलगा बाहेर येईल म्हणून.

दीर तिथंच होता. त्याला म्हटलं, पोरीला प्रसाद द्या जाऊन. ती लांब गेल्यावर मी त्या बाईला सांगितलं, तो नाही, गेला.

"असं कसं? आत्ता उठला की."

"ते खोटं आहे. उठला नाही तो. त्याचा पाय कापला आणि तो गेला. उद्याच्या उद्या हिचा फोटो काढा. चोळू नका, ताई, पाया पडते तुमच्या."

तिला रडू आलं नाही. शेतावर ढगाकडं बघून अंदाज करतात तशी माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "लवकर न्हेली तर वाचंल?"

काय सांगायचं होतं मी? हो म्हणायला जीभ उचलली होती. पण खोट्याचा इतका तिटकारा आला होता त्या आठवड्यात, की मुंबईच्या डॉक्टरांनी मला सांगितलं तेच मी तिला सांगितलं. सांगता येत नाही. पाय मात्र काढतील.

"आणि ती पेटी कशाला मग?"

"औषध शोधायला."

"म्हंजे अजून सापडलंच न्हाई व्हय," ती म्हणाली. सगळ्या गणपतीत ती पेटी कशासाठी आहे ते त्या एकटीला कळलं. पोरीचा हात धरून ती गेली. मी मागून ओरडले, "फोटो तरी काढा!" "बघतो," म्हणाली.

दिवाळीनंतर माझ्यानं राहवेना. पत्ता विचारत विचारत गडमुडशिंगीला गेले. तिनं फोटो काढला होता, तिला बोल लावायला नको. डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितलं, पाय काढावा लागेल म्हणाले. घरात सासरा आणि नवरा दोघंही बसले हटून. पाय काढून वाचणार का, तर ते काही डॉक्टर सांगत नाही. मग पोरीला लंगडी कशाला करा? तिचं लग्न कोण करणार? गावातल्या एका हाडवैद्याला बोलावलं, तो रोज येतो, असं ती मला उंबऱ्यात उभी राहूनच सांगत होती. घरातून तेलाचा वास येत होता. मला तो वास कुठंही ओळखू येतो.

मी नवऱ्याशी बोलते म्हटलं. तो गोठ्यात होता. मी म्हशीमागं उभी राहून त्याला हात जोडले, शाळेत पोरांवर ओरडते तशी ओरडलेही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, तुमी मुंबईला न्हेलासा न्हवं? मग?" मी गोठ्यातून बाहेर आले.

निघताना तिनं माझा हात धरला. हळू म्हणाली, "पोरीला म्या सांगिटलं न्हाई तुमचं. त्यो बरा हाय असंच ठावं हाय तिला. तेवढं सांभाळा. आलाच हायसा तर जरा बोला तिच्यासंगं."

मुलगी आत घोंगड्यावर पडली होती. पार वाळली होती, डोळेच तेवढे राहिले होते. मला ओळखलं तिनं. उठायला बघत होती, मी पडून राहा म्हटलं आणि शेजारी बसले.

"बाई, तुमच्या पोराचा पाय दुखतोय अजून?"

"नाही गं. काही दुखत नाही त्याला आता."

"पळतोय?"

"पळतो की. घरात थांबतोय कुठं! फुटबॉल आणि फुटबॉल."

"कितवीत हाय?"

त्याच्या बरोबरीची मुलं कितवीत गेली ते मला शोधावं लागलं नाही. शाळेत रोज समोर दिसत होती ती. "सहावीत," मी म्हणाले.

"हुशार हाय?"

"कसला हुशार! गणितात कच्चा आहे. मार खातो माझा."

ती हसली. मलाही हसू आलं, तिच्या देखत आलं ते. आई दारातच उभी होती, तिनं पदर तोंडात धरला होता.

"एकदा घिऊन या की त्याला," मुलगी म्हणाली.

"आणते," मी म्हणाले. "पुढच्या रविवारी आणते."