रोग परळहून आला नव्हता

पुण्यतिथीच्या जेवणाचं आमंत्रण आलं की आजही माझं डोकं फिरतं. सूनबाई म्हणते, "आई, बासुंदी-पुरी आहे, चार घास खाऊन या, तुमचं काय जातं?" माझं काय जातं ते तिला सांगत बसले तर पुऱ्या थंड होतील. मी जात नाही, एवढं खरं.

गिरगावात एका आतल्या गल्लीत निराधार म्हाताऱ्या बायकांचा आश्रम होता. मी नर्सिंगचा कोर्स करून तिथे लागले ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. गल्लीतली एकही भिंत घोषणांवाचून राहिली नव्हती. आश्रमाचे चिटणीस वकील होते आणि चळवळीतले वक्ते. सभेत उभे राहिले की आवाज पार चौपाटीवर ऐकू जायचा. आश्रमात मात्र त्यांचा आवाज मऊ, आणि महिन्यातून एकदा. दिवस-रात्र म्हाताऱ्यांचं करायला आम्ही तिघी होतो. मी, एक स्वयंपाकीण आणि मावशी.

मावशी म्हणजे आमची आया. स्वयंपाकीण आणि मी आश्रमातच राहायचो. मावशी परळच्या चाळीतून रोज ये-जा करायची. नवरा गिरणीत होता, तो वारलेला. घरी एकच मुलगी, लग्नाच्या वयाची, ब्लाउज शिवून संसाराला हातभार लावणारी. आदल्या वर्षी चाळीतल्या सगळ्यांबरोबर मावशीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. म्हाताऱ्यांना न्हाऊ घालायचं, त्यांचं हगणं-मुतणं काढायचं, कूस बदलून पाठीला पावडर लावायची, हे सगळं तिच्या हातचं चालायचं. पण पुण्यतिथीचं जेवण असलं की तिनं मागच्या गॅलरीत थांबायचं. असं कुणी लिहून ठेवलं नव्हतं. सगळ्यांना ते आपोआप ठाऊक होतं, आणि या 'आपोआप'चाच मला सगळ्यात जास्त संताप यायचा.

आश्रमात ही जेवणं सारखी व्हायची. ज्यांच्या घरच्या कुणाची पुण्यतिथी असेल ते पातेली घेऊन यायचे, प्रत्येक आजीला पहिला घास स्वतःच्या हातानं भरवायचे आणि पाया पडायचे. मग आजी त्यांची अलाबला घ्यायची. दोन्ही हात त्यांच्या तोंडावरून फिरवायचे आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडायची. पाहुण्यांना पुण्य मिळे, आजींना गोडधोड मिळे आणि माणसाचा स्पर्श मिळे. हा स्पर्श त्यांना बासुंदीपेक्षा गोड लागायचा. मी त्याला नावं ठेवत नाही.

मग फ्लूची साथ आली. बंदरावरून आली असं लोक म्हणायचे. बघता बघता चाळीच्या चाळी अंथरुणाला खिळल्या, गिरण्यांत मागावर उभं राहायला माणूस मिळेना. तरणेताठे आठवड्यात उठून बसत होते, पण म्हाताऱ्या माणसाच्या छातीत तो ताप उतरला की कठीण, हे मला ठाऊक होतं. मी चिटणिसांना सांगितलं, साथ ओसरेपर्यंत बाहेरचं माणूस आत नको, गेटला कुलूप लावू. त्यांनी लगेच मान डोलावली. म्हणाले, "अगदी बरोबर. त्या चाळीतल्या लोकांपासून तर जपायलाच हवं."

चाळीतली म्हणजे मावशीच. तिला कसं सांगावं या विचारात मी होते, तेवढ्यात तीच पिशवीत दोन लुगडी घेऊन आली. "मी हितंच ऱ्हाते बाई. कोठीच्या खोलीत पडेन." आम्ही सगळ्यांच्या नाका-तोंडाला बांधायला मलमलीच्या पट्ट्या शिवल्या, खाटा लांब लांब सरकवल्या, ताटं-वाट्या उकळून घ्यायला लागलो. भेटायला कुणी येईना म्हणून आजीमंडळी माझ्यावर फुरंगटली. राजापूरच्या एक आजी होत्या, जीभ तिखट आणि मन लोण्याचं, त्या मला 'जेलरीण' म्हणायच्या. म्हणोत बापड्या. एकीलाही साधा खोकला नव्हता.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मावशीची शेजारीण गेटाशी आली. मावशीच्या मुलीला ताप भरला होता. मावशी गजांच्या आतूनच बोलली. पेज घेते का, शुद्धीवर आहे ना, एवढं विचारलं. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही जा. इथलं मी बघते."

"गेले तर परत येता यायचं नाय ना?"

"साथ असेपर्यंत नाही."

"मग कसं जाऊ? पोरीला शेजारीण हाय. ह्यांना कोन हाय?"

आणि ती आत जाऊन राजापूरच्या आजींची वेणी घालायला बसली. त्या दिवशी तिनं पट्टी तोंडावरून जरा जास्तच वर, डोळ्यांपर्यंत ओढली होती. मुलगी बरी झाल्याचं कळेपर्यंत ती पट्टी खाली आली नाही.

त्याच आठवड्याच्या शेवटी चिटणिसांच्या मातोश्रींची पुण्यतिथी आली. मला वाटलं, यंदा घरीच करतील. कसलं काय! भर दुपारी बासुंदीचं पातेलं, मागे सगळं घर, आणि घरात त्यांचा धाकटा भाऊ. वैशाखातल्या उन्हात गळ्याला मफलर, डोळे लाल. मी गेटात आडवी उभी राहिले.

"साहेब, बाहेरचं माणूस आत नको असं आपलंच ठरलंय."

"अहो बाई, बाहेरचं माणूस! आम्ही काय बाहेरचे? आम्ही घरचे."

"तुमच्या भावाला बरं दिसत नाही."

"ऊन लागलंय त्याला. आणि आईचा घास त्यानं नाही भरवायचा तर कुणी? तुम्ही शिकलेल्या मुली, तुम्हाला भावना म्हणून काही कळतच नाहीत."

गेटवरच्या पहारेकऱ्यानं माझ्याकडे न बघता कुलूप काढलं. त्याचा तरी काय दोष? त्याला तिथेच नोकरी करायची होती.

आणि मग सगळं रीतसर झालं. त्या भावानं एकेका म्हातारीच्या तोंडाशी वाकून घास दिला. मधूनच मफलरात खोकला. आजींनी पट्ट्या कधीच काढून टाकल्या होत्या, सणासारख्या खुशीत होत्या. राजापूरच्या आजींनी त्याच्या तोंडावरून हात फिरवले आणि म्हणाल्या, "अगो बाई, अंग किती कढत लागतंय रे तुझं!" तो हसला. चिटणीस हसले. आजींनी तेच हात कानशिलाला लावून बोटं मोडली. मी ओरडले, "हात धुवा आधी!" तर पंगतभर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच काहीतरी विटाळ केला होता.

मागच्या गॅलरीतून मावशी हे बघत होती. पाहुणे गेल्यावर तिनं उष्टी ताटं उचलली आणि मला विचारलं, "बाई, मग मी घरी गेले असते तर काय झालं असतं?"

मी तिच्या हातातली ताटं घेतली आणि उकळायला ठेवली.

पुढचं लांबवत नाही. दोन-तीन दिवसांत खोल्यांच्या खोल्या तापल्या. राजापूरच्या आजी आधी गेल्या, मग आणखी दोघी. चिटणिसांच्या घरून कुणी फिरकलं नाही. त्यांना आता साथीची भीती वाटत होती. सगळ्यांना धरून बसवणारी, बेडके पुसणारी, पेज भरवणारी मावशीच होती. ज्या हातांची सावली पंगतीवर चालत नव्हती, त्याच हातांवर या बायका शेवटचा श्वास सोडत होत्या. मग ती पडली. परळच्या इस्पितळात नेली, पण फुप्फुसं भरली होती. तिथेच गेली.

आश्रमाच्या समितीच्या बैठकीत चिटणीस गंभीर चेहरा करून म्हणाले, "दुर्दैव! आया परळची ना, तिथूनच आलं हे." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मी उभी राहून कोण आलं होतं, कुणी खोकलं होतं, सगळं सांगितलं. कुणी पंख्याकडे बघितलं, कुणी घड्याळाकडे. चिटणीस म्हणाले, "बाई दमल्या आहेत." आणि त्याच संध्याकाळी हा गृहस्थ लालबागच्या सभेत सांगत होता की गिरणगावचा कष्टकरी हा आपल्या लढ्याचा कणा आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. महाराष्ट्र मलाही हवा होता, पण त्या तोंडून त्याचं नाव ऐकवत नव्हतं.

मला परळला जायचंच होतं. निघताना चिटणिसांनी एक निरोप दिला: मावशीची मुलगी आईच्या जागी कामाला येते का ते विचारा, तेवढीच आपली मदत.

चाळीतल्या त्या खोलीत शिवणयंत्रावर अर्धा शिवलेला ब्लाउज तसाच पडला होता. मुलीनं मला पाणी दिलं. माझ्यासमोर बसली आणि खाली बघून म्हणाली, "बाई, माज्यामुळंच गेली ना ती? मला आदी ताप आलावता. सगळे तेच म्हणतात. तुमचे सायब बोलले म्हणं."

त्यांचं ते वाक्य गिरगावातून इथवर, या पोरीपर्यंत येऊन पोचलं होतं. मी तिचे दोन्ही दंड धरले. "तुझ्या तापात आई इथे आली होती का? एकदा तरी?"

"नाय."

"मग तुझा ताप तिला लागेल कसा? ती आली नाही, कारण आपल्यामुळे त्या म्हाताऱ्यांना काही होऊ नये. ताप आणला साहेबांच्या भावानं. मी डोळ्यांनी बघितलंय. चाळीत कुणी विचारलं तर माझं नाव घेऊन सांग."

मला वाटलं होतं, ती रडेल, तिचं ओझं उतरेल. ती रडली नाही.

"ताप होता तवा आईनं शेजारणीच्या हाती शिऱ्याचा डबा धाडलावता," ती म्हणाली. "मी उघडलापन नाय. तसाच परत पाठवला. म्हटलं, जाऊन सांग तिला, तुज्या म्हाताऱ्यांनाच घाल."