पाळीवरून घेतलेल्या मुलाखती

जगातल्या बलाढ्य तंत्रज्ञान कंपन्यांना गावातल्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून ज्याने एकामागून एक नापास केले, असा माणूस भूतलावर एकच आहे, आणि तो माझा धाकटा दीर आहे. कंपन्यांची समजूत अर्थातच उलटी होती. आपण त्याला नाकारले, असेच त्या धरून चालल्या होत्या, आणि बहुतेक वेळा तसे अतिशय गोड शब्दांत कळवतही असत. दीर ते पत्र एकदा वाची, मान डोलावी आणि आपल्या वहीत त्या कंपनीपुढे शेरा लिही. ती वही पाहिल्यावाचून हा माणूस कळायचा नाही.

माझे सासरे सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात नोकरीला होते. नव्या वाणाचा भात शिजला की चाखून पाहणाऱ्या पंगतीत त्यांचे पान ठरलेले असे, आणि त्या सवयीने घरच्या तांदळासाठीही ते एक वही ठेवीत. तिच्यात रकाने होते: वास, शिजायला लागणारा वेळ, चिकटपणा, निवल्यावर कसा लागतो, आणि शेवटी, पुन्हा खावासा वाटतो का. वडिलांच्या माघारी मुलांनी घड्याळ घ्यावे, छत्री घ्यावी. याने वही घेतली आणि उरलेल्या कोऱ्या पानांवर कंपन्या चाखायला सुरुवात केली. डेटा सायन्सची पदवी त्याने नागपुरात घेतली होती. आकड्यांच्या ढिगातून अर्थ वेचणे, असा त्या विद्येचा अर्थ त्याने मला सांगितला, तेव्हा मला मोहाच्या झाडाखाली पहाटे फुले वेचायला टोपली घेऊन वाकलेल्या बाया आठवल्या. मी कविता शिकवते. मला असलेच काहीतरी आठवते.

त्याच्या वहीप्रमाणे पहिली कंपनी जाड्या तांदळासारखी होती: पोट भरते, चव विचारू नये. तिथे एका शहरात न्हावी किती असतील, असा प्रश्न आला. जगाची माहिती मुठीत असलेल्या कंपनीला न्हावी मोजायला सिंदेवाही तालुक्यातला माणूस लागावा, याची मला मौज वाटली. दुसरी कंपनी चिकट. तिला कोडी नको होती, चारित्र्य हवे होते. वरिष्ठांशी मतभेद झाल्याचा प्रसंग सांगा, म्हणाली. याला वरिष्ठ म्हणून आयुष्यात वडीलच लाभलेले. भाताच्या रोवणीच्या दिवशी त्यांच्याशी झालेले भांडण याने पाऊण तास सांगितले आणि शेवटी वडिलांचेच बरोबर निघाले, हेही प्रामाणिकपणे सांगून टाकले. तिसऱ्या कंपनीत एक गृहस्थ तासभर याला टंकताना नुसते पाहत राहिले. याचे मत पडले की हा भात शिजायच्या आधीच निवला. चौथीने सहा फेऱ्या घेतल्या, सहाही जणांनी ‘स्वतःविषयी सांगा’ हाच प्रश्न विचारला, आणि मग ती अशी गप्प झाली की भर उन्हाळ्यातला तलावही इतका गप्प नसतो. पाचवीबद्दल वहीत दोनच शब्द आहेत: खडे फार.

हे सारे पाळीवर घडे, कारण आमच्या गावात जगाशी संपर्क साधणारी लहर फक्त तिथल्या मोहाच्या झाडाखाली उतरते. तिथे एक सपाट दगड आहे. त्यावर लॅपटॉप, लॅपटॉपवर उन्हाची तिरीप पडू नये म्हणून छत्री, आणि छत्रीच्या दांड्याला मी. एका कंपनीने साडेचारची वेळ दिली, तेव्हा याने नम्रपणे कळवले की पाचनंतर पाळीवर थांबता येत नाही, वाघ पाण्यावर येतो. कंपनीने हसल्याचे चिन्ह पाठवले आणि वेळ तीच ठेवली. पाच वाजता याने नमस्कार केला, लॅपटॉप मिटला आणि आम्ही दोघे भराभरा घरी आलो. काही दिवसांनी अभिप्राय आला: उमेदवारात शेवटपर्यंत टिकून राहण्याची वृत्ती दिसत नाही.

घरी सरावासाठी मुलाखत घेणारी मीच. प्रश्न तो चिठ्ठ्यांवर लिहून देई. एकदा म्हणाला, “वैनी, प्रश्न वाचताना डोये नका मिटू. मोठ्या कंपनीत कोणी मिटत नाई.”

“भावजी, तुमचा प्रश्नच तसा आहे. ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?’ यावर मी महिनाभर बोलेन.”

“एका मिनिटात बोला लागते.”

त्याची विद्या स्वयंपाकघरातही शिरली होती. कोणते वरण अधिक आवडते, हे शास्त्रशुद्ध ठरवायचे म्हणून त्याने निम्म्या घराला चिंचेचे आणि निम्म्या घराला बिनचिंचेचे वाढले, मग सर्वांच्या वाट्या तपासल्या आणि निकाल सांगायला साफ नकार दिला. “माय, निकाल नाई निघत. नमुना लहान आहे. पाचच माणसं आहोत.”

सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, “मंग लगीन कर अन् वाढव नमुना. म्या काऊन रोज दोन वरनं रांधू?”

हसण्यावारी नेलेले हे बोलणे हसण्यावारी नव्हते. गावात त्याच्याबरोबरचे सारे कुठेकुठे चिकटले होते. हा एकटा तीन वर्षे दगडावर बसून होता. शेवटी सासूबाईंनी त्याच्याकडून शब्द घेतला: सहावी कंपनी शेवटची. तिथे झाले तर हैदराबादेला जायचे, नाही झाले तर वही पेटीत ठेवायची आणि जवळच्या मूल गावच्या शिकवणीवर्गात गणित शिकवायला लागायचे. त्याने शब्द दिला. त्या दिवशी त्याने कुठलाच भात चाखला नाही, नुसता खाल्ला.

सहाव्या कंपनीची शेवटची फेरी दुपारी तीनला होती. मोहाची फुले सरून कोवळी तांबूस पालवी आली होती, तलाव आटून कडेच्या गाळाला मासळीचा आणि उन्हाचा मिळून एक जड वास सुटला होता. चार हातांवर यमुनाबाई जाळ्याची भोके सांधत बसल्या होत्या. गावच्या मासे धरणाऱ्या ढिवरांत त्या सर्वांत वडील. त्यांचे उभे आयुष्य या तलावावर गेले, आणि आमच्या पाचही मुलाखती त्यांनी याच जागेवरून ऐकल्या होत्या.

साऱ्या कंपन्यांचा एक समाईक उपदेश असतो: मोठ्याने विचार करा, उत्तरापेक्षा विचार आम्हाला पाहायचा आहे. माझ्या दिराने तो शिरोधार्य मानला होता. अडचण एवढीच की उत्तर तो इंग्रजीत देई, पण विचार त्याला आमच्याकडच्या झाडीबोलीतच येई. पडद्यावरच्या तरुण बाईंनी विचारले: एका तळ्यातून पन्नास मासे पकडले, खूण करून परत सोडले, दुसऱ्या दिवशी चाळीस पकडले, त्यांत दहा खुणेचे निघाले, तर तळ्यात मासे किती?

दीर आकाशाकडे पाहून मोठ्याने विचार करू लागला. “पन्नास सोडले. चाळीस धरले. त्यात दहा आपलेच. मंजे चाराला एक आपला. तं तलावात मासे किती?”

तलावाच्या काठी बसून कोणी मोठ्याने असे विचारले, तर यमुनाबाईंनी गप्प का राहावे? सुई न थांबवता त्या म्हणाल्या, “मासा कोनता?”

मी डोळ्यांनी त्यांना विनवले. पण दीर वळून बसला होता. “काऊन? मासा कोनता यानं काय होते?”

“काऊन मंजे? रोहू येडा. थो रोज जाळ्यात येते. मरळ असंल तं एकडाव धरून सोडली का दुसऱ्या दिशी चिखलात बसते, जाळं वरून जाते. थे कुठी गावते तुले? तुह्या खुनेचे दहाच निंगाले, मंजे बाकीचे लपून हायेत. तू समजशीन तलाव भरला हाय.”

दिराच्या चेहऱ्यावर जे पसरले, त्याला मी आनंदच म्हणेन. तो पडद्याकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला की सूत्राने उत्तर दोनशे येते. पण एकदा पकडलेला मासा शहाणा होत असेल, तर खुणेचे मासे कमी सापडतात आणि उत्तर फुगते. खरे मासे दोनशेहून कमी असतील. म्हणून मासा कोणता, हे कळल्याशिवाय मला आकडा सांगता येणार नाही.

मग बाईंनी विचारले, तिथे कोण बोलत होते?

तो खोटे बोलला असता, तर मी ते सहज माफ केले असते. त्याने लॅपटॉप उचलला आणि यमुनाबाईंकडे फिरवला. यमुनाबाईंनी पदर सारखा केला आणि विचारले, “जेवली का, बाई?”

बाईंनी सांगितले की मुलाखतीत दुसऱ्याची मदत घेता येत नाही, आणि आभार मानून त्या पडद्यावरून गेल्या.

परतताना सासूबाई अंगणातच उभ्या होत्या. याने नकारार्थी मान हलवली. संध्याकाळी त्याने वहीत कंपनीचे नाव लिहिले, चार रकाने भरले आणि ‘पुन्हा खावासा वाटतो का’ हा रकाना कोरा सोडून वही पेटीत ठेवली. पुढच्या आठवड्यात तो मूलला जाऊन शिकवणीवर्ग पाहून आला. यमुनाबाई मात्र दाराशी मरळ घेऊन आल्या आणि पायरीवरच थांबल्या. “माह्या तोंडानं गेलं भाऊ तुह्यं काम.”

“मुलाखतीत बरोबर अशी एकच गोष्ट झाली, अन् ते तुमच्या तोंडची, यमुनाबाई,” तो म्हणाला. “बाकी सगळं मी म्हनलं होतं.”

अठराव्या दिवशी त्याला घेतल्याचे पत्र आले. कशामुळे घेतले, ते कंपनीने कळवले नाही. वाघाच्या वेळेची ती एक कंपनी सोडली, तर नाकारणाऱ्यांनीही कधी कळवले नव्हते, तेव्हा त्या बाबतीत कंपन्यांमध्ये डावेउजवे करता येत नाही. सासूबाईंनी लुचई तांदळाची पिशवी बांधून दिली. निघताना त्याने वही माझ्या हाती ठेवली. उघडली की तिला अजून जुन्या भाताचा, किंचित धुळकट गोड वास येतो.

आता तो स्वतःच मुलाखती घेतो. परवा फोनवर सांगत होता, “वैनी, मी सगळ्याइले तोच तलावाचा प्रश्न विचारतो. सगळे दोनशे सांगतात. बरोबर हाय, नापास नाई करत मी. पन उत्तर आलं का थोडा थांबतो. वाटते, आता कोणी विचारंल.”

त्याचा फोन मी पाळीवर घेते, कारण लहर अजून तिथेच उतरते. दगड रिकामा असतो, त्यावर मोहाची पाने पडलेली असतात. फोन ठेवला की यमुनाबाई सुई न थांबवता विचारतात, “इचारलं का कोनं, मासा कोनता?”

मी नाही म्हणते. त्या जाळ्यातले पुढचे भोक हाताने चाचपतात, आणि आम्ही दोघी पाच वाजायच्या आत उठतो.