ऑलिव्हचा ठेचा

खलबत्त्यात मावेल त्या प्रत्येक वस्तूचा ठेचा होतो, असं माझ्या सासूबाईंचं, शिवगंगाबाईंचं, ठाम मत. उदगीरच्या आमच्या गल्लीत त्यांच्या हातचा ठेचा मागून नेतात. म्हणून नांदेडला माहेरी गेले तेव्हा मी मुद्दाम ऑलिव्हची बाटली आणली. हिरवी फळं, बी काढलेली, पोटात काहीतरी लाल भरलेलं.

"मिठाच्या पाण्यातलं हाय, वरून मीठ नको," म्हणत त्यांनी फळं धुतली, लसूण, भाजलेली मिरची आणि कूट घालून ठेचली, वर करडईचं तेल सोडलं. चव मात्र घेतली नाही, मलाही घेऊ दिली नाही. नवा पदार्थ आधी जंगमाच्या, म्हणजे आम्हा शाकाहारी लिंगायतांच्या गुरूच्या, ताटात, ही आमच्या घरची रीत. सोमवार होता, मठातले जंगम, आमचे अय्या, जेवायला येणारच होते.

अय्यांनी भाकरीबरोबर ठेचा परत परत मागून घेतला. सासूबाई खुलल्या. अय्या मठात परतले आणि पुण्याहून नणंदेचा, सुकन्याचा, फोन आला. तिच्या अव्वांनी, म्हणजे सासूबाईंनी, तिला ठेच्याचं सगळं कौतुकानं सांगितलं.

"अव्वा, आत लाल काय होतं?"

"मिरचीच असंल की."

"बाटलीवर बघ. काही बाटल्यांत मासा भरलेला असतो."

बाटली घासून उन्हात पालथी होती. आमच्या घरात कुठल्याच बाटलीवरचा कागद दिवसभरही टिकत नाही, हाही भिजून मोरीतून वाहून गेला होता.

"मंजू, घेताना हिरवा ठिपका बघितलीस का गं?" सासूबाईंनी मला विचारलं.

मी फळांचा रंग बघितला होता. ठिपका कोण बघतं? मला रडूच आलं.

नांदेडला भावाला, अमरेशला, फोन लावला. त्याच दुकानात जाऊन तसल्याच बाटलीचा फोटो पाठव म्हटलं. तो निघाला, पण तोवर सासूबाईंनी मठात जायला चपला घातल्या होत्या.

"अव्वा, फोटो येऊ द्या. काहीच नसलं तर उगाच कशाला सांगायचं?"

"सांजच्याला अय्या पूजेला बसत्यात. गळ्यातलं लिंग तळहातावर घेत्यात. फोटोची वाट बघत बसू का मी?"

मी त्यांच्या मागोमाग निघाले.

मठाच्या ओसरीत उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही, सुनेवरही ढकलला नाही.  अय्यांचा हात गळ्यातल्या लिंगावर गेला आणि तिथंच थांबला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेवढ्यात फोन वाजला. अमरेशचा फोटो. मोठा करून पाहिला. हिरवा ठिपका, आणि आत भरलंय ते लाल ढोबळी मिरची.

मी मोठ्यानं वाचलं. सासूबाई ओसरीच्या पायरीवर मटकन बसल्या आणि हुंदके देऊन रडल्या. माझा जीव भांड्यात पडला. अय्यांनीही केवढा तरी मोठा श्वास सोडला.

"अव्वा," ते म्हणाले, "कुणाच्याबी घरी जेवताना मी मनात म्हणतो, यात काय काय असंल. तुमच्या घरी आता तसं न्हाई म्हणणार."

सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"तरी इचारत जावा, अय्या," त्या म्हणाल्या. "सून नांदेडहून काय काय आणती."