आईचं अनेकवचन

हिंदी मुलखातल्या वैशाली नगरात, एका मराठी बालवाडीत भीमाबाईंना सगळे 'आया' म्हणत. मुलांची नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे, रडणाऱ्याला कडेवर घ्यायचं, हे त्यांचं काम.

एका दुपारी गुंजन आणि प्रेरणा घर-घर खेळत होत्या. बाहुली एकच. एक भरवत होती, दुसरी तिचे केस विंचरत होती. नव्या शिक्षिका, नीतू मॅडम, कौतुकानं वाकल्या. "बाळाची आई कोण?"

"आम्ही दोघी," प्रेरणा म्हणाली. "आम्ही आया आहोत."

मॅडमना हसू आलं. "आया तर भीमाबाई आहेत! आई एकच असते, बेटा. गुंजन आई, तू मावशी हो."

"मैं मौसी नहीं बनूंगी!" प्रेरणा बाहुली छातीशी धरून रडू लागली.

भीमाबाई पदराला हात पुसत पुढे आल्या. "कावून मॅडम? दोन आया कावून नाही? माह्या पियूषले दोन होत्या."

नवरा आनंदराव आजारपणात गेले तेव्हा पियूष अंगावर पीत होता. भीमाबाईंना हथखोजच्या कारखान्यात कामाला जावं लागलं. शेजारची नलू आपल्या मुलीबरोबर त्यालाही पाजू लागली. "बौद्धाचं पोर पदराखाली घेते?" म्हणत नलूच्या सासूनं तिची चूल वेगळी केली. नलूनं वेगळी चूल पत्करली, पोर सोडलं नाही. पुढे पियूषच्या लग्नात मंचावरून 'वराची आई' असा पुकारा झाला, तेव्हा भीमाबाईंनी नलूचा हात धरला आणि दोघी वर गेल्या.

मॅडमनी तक्रार केली. बालवाडीचे सचिव भाऊराव यांनी भीमाबाईंना बोलावलं.

"शिकवायचं काम मॅडमचं. आई शब्दाला अनेकवचन असेल, पण घरात आई एकच. माफी मागून टाका."

"शब्दाले आहे, मंग घराले कावून नाही? माफी मी नाही मागत. काढाचं असन त काढा. पोरीले खोटं नाही सांगणार."

भाऊरावांनी कामावरून काढलं नाही, पण वर्गात यायची बंदी केली. भीमाबाई मागच्या ओट्यावर भांड्यांपाशी बसू लागल्या.

दुसऱ्याच दिवशी खेळाच्या सुट्टीत दोघी मुली बाहुली घेऊन ओट्यावर पोचल्या. मागोमाग बाकीचीही आली. मॅडमनी दारातून हाका मारल्या, एकही मूल हललं नाही.

भीमाबाईही कुणाला 'जा' म्हणाल्या नाहीत.